एका कार्डावर एकच पाहुणा

आमच्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या एका अरुंद, चौकोनी डक्टमध्ये उघडतात. ऊन तिथे कधी येत नाही, पण बोलणं येतं. दुसऱ्या मजल्यावर कांदा चिरत उभ्या असलेल्या बाईला तिसऱ्यावरची कुरबुर आणि चौथ्यावरचं हसणं घरबसल्या ऐकू येतं. ती दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणजे मी. नेर्मिनचे कान फार लांब आहेत असं आमच्या बाकिरकोय वस्तीभर म्हणतात. म्हणोत बापड्या. कान झाकून कांदा चिरता येत नाही.

तिसऱ्यावर मेलिहा आणि चौथ्यावर पेर्विन, सख्ख्या जावा. मेलिहाचा रासिम थोरला, पाणीखात्यातून निवृत्त झालेला आणि आता दिवसभर बाल्कनीत बसून बोस्फरसकडून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या देणारा. पेर्विनचा तुंजाय धाकटा. तो लिफ्टचे सुटे भाग विकतो, त्यासाठी महिन्यातून तीनदा विमानाने हिंडतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, ही गोष्ट मी त्याला दर ईदेला मिठी मारताना आठवणीने सांगते.

मला सांगायचं आहे ते मेलिहाबद्दल. एकोणिसाव्या वर्षी ती तोकातहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिच्या सामानात मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या द्राक्षाच्या पानांची एक बरणी होती. अजूनही दर वर्षी तिचा भाऊ तिकडून पानं पाठवतो. त्या पानांत भात, मनुका, चिलगोजे, थोडी दालचिनी असं सारण भरून ती सार्मा वळते. पेन्सिलीएवढी बारीक आणि सगळ्या एका मापाच्या. एखादी जाड झाली की ती रासिमच्या ताटात वाढायची, लोकांच्या नाही. गल्लीत लग्न असो, बारसं असो की मयत, मेलिहाची सार्मा आली नाही तर लोक विचारायचे, बाई आजारी आहे का.

तिला मूलबाळ झालं नाही. पण पेर्विनचा कोराय झाला तेव्हा पेर्विन बँकेत खिडकीवर बसत होती, आणि पोर मेलिहाच्या ओट्याशी वाढलं. त्याला भूक लागली की तो जिना उतरून खाली यायचा. मार्क बरे पडले की खाली, वाईट पडले तर दोन पायऱ्या एकदम गाळून खाली. पेर्विन संध्याकाळी बँकेतून येऊन चौथ्या मजल्यावर पाय चोळत बसायची आणि खालून लेकाचं हसू ऐकायची. हे मला कुणी सांगितलेलं नाही. डक्ट सांगायचा.

मग दोन वर्षांपूर्वी तुंजायच्या विमान कंपनीच्या कार्डाचा रंग बदलला. इतका उडतो म्हणून कंपनीने त्याला मोठ्या विमानतळावरच्या खास लाउंजमध्ये सोडायला सुरुवात केली. सोबत एक पाहुणा चालतो. पेर्विन एकदा इझमिरला जाताना तिथे बसून आली, आणि आमच्या गुरुवारच्या चहाचं त्या दिवसापासून वाटोळं झालं.

आधी पियानो आला. मग ऑलिव्हची खरी झाडं आली, छताखाली लावलेली. मग एका आठवड्याला पाठ चेपून देणारी खुर्ची, पुढच्या आठवड्याला आंघोळीची खोली आणि तिथले जाड टॉवेल. बसल्या बसल्या पोळी लाटून भाजून देणारी बाई आली, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या सेल्माने विचारलं, म्हणजे ती तुमच्याकडे बघून लाटते का. पेर्विनने मान डोलावली, जणू ती बाई तिच्यासाठीच जन्माला आली होती. आम्ही सगळ्या चहाचे पेले हातात धरून ऐकत होतो आणि पोटात काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ देत नव्हतो. मी तर त्या दिवशी केकचे तीन तुकडे खाल्ले. जळजळ झाली की मला गोड लागतं.

मेलिहाला या कशाचंच काही वाटत नव्हतं. पियानो ती ऐकत नाही, आणि पाठ रासिमकडून चेपून घेते. पण मार्चमधल्या एका गुरुवारी पेर्विनने चमच्याने साखर ढवळता ढवळता, अगदी मऊ आवाजात सांगितलं.

"मेलिहाताई, रागावू नकोस हं. तिथली सार्मा तुझ्यापेक्षा बारीक असते."

सगळ्यांचे चमचे थांबले. मी मेलिहाकडे बघत राहिले. असा क्षण पुन्हा पुन्हा येत नाही.

"मशीनची असेल," मेलिहा म्हणाली.

"नाही गं. हाताची आहे. विचारलं मी."

मेलिहाने पेला खाली ठेवला आणि केकची स्तुती केली. केक मी केला होता आणि तो मधोमध बसला होता. तेव्हाच मी समजले की हिला खोलवर लागलंय.

पुढे जे झालं त्याने त्या जखमेवर मीठ चोळलं. कोरायने अँतेपची एक मुलगी पसंत केली, जेयदा नावाची, दातांची डॉक्टर. एप्रिलअखेरीस तिच्या घरी जाऊन मागणी घालायची आणि जूनमध्ये इकडे बाकिरकोयच्या हॉलमध्ये साखरपुडा. मेलिहाने त्या साखरपुड्याची सार्मा कोरायला पहिला दात आला तेव्हापासून मनात वळून ठेवली होती. तिने पानांचा हिशेब भावाला फोनवर सांगूनही टाकला. आणि पेर्विन जिन्यात, माझ्यासमोर, म्हणाली की आता या वयात घरात कोण एवढं वळत बसणार, लाउंजला माल पुरवणाऱ्यांसारखं कुणीतरी बघू आणि बाहेरूनच मागवू. मेलिहा हातातली कांद्याची पिशवी घेऊन नुसती वर चढत गेली. तिसऱ्या मजल्यावर थांबायचं विसरली आणि चौथ्यावरून परत आली.

मागणीला जायच्या आदल्या दिवशी ती सकाळपासून ओट्याला लागलेली. मी दोरा मागायला म्हणून वर गेले. टेबलावर स्टीलचा मोठा डबा, त्यात थरावर थर लावलेली सार्मा, प्रत्येक थरावर लिंबाच्या चकत्या. मी म्हटलं, अगं, अँतेपला सार्मा नेतेस? तिथल्या बायका जेवायच्या आधी दोन तास जेवतात. ती म्हणाली, नेर्मिन, मुलीची आई एक तोंडात घालून काय बोलते तेवढं मला पेर्विनसमोर ऐकायचं आहे. मग हॉलमध्ये कुणाची सार्मा येईल ते आपोआप ठरेल.

इथून पुढचं मी विमानतळावर नव्हते म्हणून थोडं मेलिहाकडून, थोडं पेर्विनकडून आणि थोडं रासिमकडून गोळा केलं आहे. तिघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी रासिमवर विश्वास ठेवला नाही, कारण तो सगळा वेळ गेटपाशी बसून सँडविच खात होता.

पाचजण निघाले. रासिम, मेलिहा, तुंजाय, पेर्विन आणि इस्त्री केलेला कोराय. पेर्विनच्या पायात नवे, फिकट निळे बूट. मांडीवर ठेवायला मुलीकडे न्यायचं चॉकलेटचं चांदीचं तबक आणि फुलांचा गुच्छ. सामान तपासून आत गेल्यावर पेर्विन सवयीने लाउंजच्या काचेच्या दाराकडे वळली, आणि तुंजायने मध्येच खाकरून सांगितलं, वहिनी, या वेळी तू चल. घरात थोरली तू, आणि कार्डावर एकच पाहुणा चालतो.

पेर्विन काही बोलली असती. पण कोराय मध्येच म्हणाला, "हो काकू, जा ना. आई तर नेहमीच जाते."

झालं. लेकाच्या तोंडून आल्यावर आता कुठे जाणार? पेर्विन तबक आणि गुच्छ सांभाळत गेटच्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसली. शेजारी रासिम, त्याच्या शेजारी सँडविच. मेलिहा डबा कुणाकडे द्यायला तयार नव्हती, म्हणून तो छातीशी धरून आत गेली.

आत तिने पियानो पाहिला नाही. झाडंही पाहिली नाहीत. तुंजाय त्या चेपणाऱ्या खुर्चीत पडला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. मेलिहा सरळ खाण्याच्या टेबलांकडे गेली आणि शोधत शोधत एका पांढऱ्या लांबट भांड्यापाशी थांबली. सार्मा.

"बारीक होती, नेर्मिन," तिने मला सांगितलं. तिने एक खाल्ली. पान मऊ, भात सुटा, मीठ बरोबर. दोष सापडेना म्हणून दुसरी खाल्ली. दुसरीतही सापडला नाही. तिसरी घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण शेजारी उभा असलेला गोरा माणूस कौतुकाने बघत होता. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात पोळी लाटणाऱ्या बाईने तिला हाक मारली. डोक्याला पांढरा रुमाल, कोपरापर्यंत पीठ. ती म्हणाली, ताई, उभी का, बस की. आणि पालक-चीजची गरम पोळी कापून एका प्लेटमध्ये तिच्या हातात ठेवली. मेलिहाने खाल्ली. मग हातात रिकामी प्लेट राहिली.

आता जग इकडचं तिकडे होईल, पण दुसऱ्याच्या हातून भरून आलेली प्लेट आमच्यातली बाई रिकामी परत करत नाही. शेजारणीने नखाएवढा तुकडा पाठवला तरी प्लेट परत जाताना त्यावर काहीतरी असतं, नसेल तर मूठभर अक्रोड तरी. लाउंजमधल्या प्लेटा कुणाच्या नसतात, त्या उचलून न्यायला वेगळी माणसं असतात, हे मेलिहाच्या ध्यानातही आलं नाही. तिने कागदी रुमालाने प्लेट पुसली, डबा उघडला, वीसेक सार्मा गोल मांडल्या, मधोमध लिंबू ठेवलं आणि त्या बाईला नेऊन दिली. ती बाई हसली. तिला सगळं कळलं, तीही कुणाची तरी शेजारीण असणारच. एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि हात पिठाचे म्हणून प्लेट कडेला सरकवून पुढची पोळी लाटायला घेतली.

काळ्या जाकिटातला एक वाढपी आला. त्याला सार्माची एक प्लेट भलत्या जागी दिसली. त्याने ती उचलली आणि त्या पांढऱ्या भांड्याच्या शेजारी नेऊन ठेवली. वर चिमटाही ठेवला.

"मी उठले होते," मेलिहा म्हणाली. "खोटं नाही सांगत. उठले, आणि परत बसले."

समोरच्या खुर्चीत बसून ती दोन्ही भांड्यांकडे बघत राहिली. पहिला आला तो फोनवर बोलत होता. त्याने दोन्हीकडच्या दोन दोन घेतल्या, वर दही ओतलं आणि न बघता खाल्लं. मेलिहाने त्याला मनात जे शाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग दोन मुली आल्या, पांढऱ्या भांड्याचा फोटो काढला आणि काहीच न घेता गेल्या. मग एक म्हातारा आला, हातात टोपी घेतलेला. त्याने उभ्या उभ्या मेलिहाची एक खाल्ली. टोपी टेबलावर ठेवली. दुसरी खाल्ली. मग सहा वाढून घेतल्या, आणि मेलिहा खुर्चीच्या काठावर आली.

तेवढ्यात तो वाढपी परत आला. त्याच्या ध्यानात आलं की ही प्लेट त्यांच्या स्वयंपाकघरातली नव्हे. पोळीवाल्या बाईने हसत मेलिहाकडे बोट दाखवलं. त्याने उरलेली प्लेट आदबीने मेलिहापुढे आणून ठेवली आणि सांगितलं की मॅडम, बाहेरचं खाणं इथे मांडता येत नाही, माफ करा. मेलिहा शरमेने लाल झाली. पण म्हाताऱ्याची नजर प्लेटच्या मागोमाग आली होती, आणि ज्याची नजर खाण्यावर पडली त्याला दिल्याशिवाय डबा बंद करायचा नसतो. तिने डबा पुढे केला.

म्हातारा शेजारी बसला. पानं कुठली, त्याने विचारलं. तोकातची, ती म्हणाली. वाटलंच मला, तो म्हणाला, माझी आई तिथल्याच निकसारची. मेलिहाने जीव मुठीत धरून त्या पांढऱ्या भांड्याकडे बोट केलं आणि विचारलं की ती कशी आहे.

"ती बारीक आहे, बाई," म्हातारा म्हणाला. "नुसती बारीकच आहे."

त्यानंतर मेलिहाला कुणी थांबवू शकलं नसतं. म्हाताऱ्याची बायको आली, तिला दिली. पलीकडच्या खुर्चीतले दोघे बघत होते, त्यांना दिली. एक जपानी जोडपं लांबून बघत होतं, त्यांना उठून नेऊन दिली. ते वाकून वाकून आभार मानत होते, म्हणून आणखी दोन दोन दिल्या. लाउंज म्हणजे जणू तिचा दिवाणखाना आणि ही मंडळी तिच्याकडे आलेली. कुणी उरलेल्या किती हे बघितलं नाही. ती तर नाहीच.

त्या लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नाही. शांतता हवी म्हणून. मेलिहाचा फोन पर्समध्ये थरथरत होता आणि तुंजायचा फोन त्याच्या पाठीसारखाच चेपला जात होता. गेटवर रांग संपत आली तेव्हा पेर्विनने तबक कोरायच्या हातात दिलं, निळे बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर धावत लाउंजपर्यंत आली. दारातल्या मुलीने गोड हसून अडवलं. कार्ड?

पेर्विनने सांगितलं की नवरा आत आहे. मुलगी म्हणाली, त्यांच्या कार्डावर पाहुणा आधीच आत गेलेला आहे, मॅडम. मी निरोप पाठवते. पेर्विन म्हणाली, अहो, मी इथे पाच वेळा आलेय, मला ओळखत नाही का? मुलीला ओळखायचं काही कारण नव्हतं. पेर्विन बूट हातात धरून काचेपाशी उभी राहिली, आणि काचेतून तिला दिसली मेलिहा. मांडीवर डबा, भोवती माणसं, आणि एक जपानी माणूस वाकून तिला नमस्कार करतोय.

ती काचेवर बोटांनी वाजवत राहिली. शेवटी निरोप पोचला, तुंजाय खडबडून उठला, आणि तिघंही गेटकडे पळत सुटली. रासिम दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून उभा होता. त्याच्या आयुष्यातलं तेवढंच एक शौर्य, आणि ते तो अजून सांगतो.

विमानात दोघी जावा शेजारी आल्या. पेर्विनने डबा मांडीवर घेतला, उघडला, मोजल्या. नऊ. मागणीला जाताना मुलीच्या घरी नऊ सार्मा. मेलिहा खिडकीकडे तोंड करून बसली आणि बोलणी खायची वाट बघू लागली. खाली मार्मारा समुद्र गेला. पट्ट्याचा दिवा विझल्यावर पेर्विन हळूच म्हणाली, "त्या पोरीने मला आत सोडलं नाही, ताई."

मेलिहाने मला कबूल केलं की हे ऐकून तिला आधी बरं वाटलं. चांगलं भरपूर बरं वाटलं. मग तिने खिडकीकडून तोंड न वळवता सांगितलं, "मी तुला काचेतून बघितलं होतं. लगेच उठायला हवं होतं. त्या जपानी दोघांना वाढून झाल्यावर उठले."

"माहितीये मला. बघत होते मी."

"मग ओरड की."

"काय ओरडू? मी आत असते आणि तू बाहेर, तर मी पियानो संपेपर्यंत उठले नसते."

मग पेर्विनने बोलणी सुरू केली, बँकेच्या खिडकीवर बसल्यासारखी. साखरपुड्याची सार्मा मेलिहाने करायची, सगळी. बाहेरून काही मागवायचं नाही. मेलिहाने विचारलं, आणि त्याच्या बदल्यात? पेर्विन म्हणाली, त्याच्या बदल्यात गुरुवारच्या चहाला लाउंजबद्दल तू एक अक्षर बोलायचं नाहीस. कोराय तुझ्याकडे वाढला, माझ्याकडे निदान ते असू दे.

मेलिहाने मान हलवली. मग डब्यातल्या नऊ सार्मा पाचजणांनी तिथेच खाल्ल्या. कोरायने तीन घेतल्या, दोघींकडे आळीपाळीने बघत, काही न समजता.

अँतेपमध्ये सार्माची कुणाला आठवणही झाली नाही. जेयदाच्या आईने इतकं मांडलं होतं की रासिमला मुलगी मागताना पट्टा सैल करावा लागला. मागणीच्या रिवाजाप्रमाणे मुलीने मीठ घालून दिलेली कॉफी कोरायने चेहरा न बिघडवता प्यायली, आणि मुलगी मिळाली.

पुढच्या गुरुवारी चहा माझ्याकडे होता. मी मुद्दाम अंडी जास्त घालून केक केला होता, कारण मेलिहा लाउंजमध्ये जाऊन आली हे सगळ्यांना कळलं होतं आणि आता खरी गोष्ट ऐकायला मिळणार होती. सेल्मा तर खुर्ची ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. मेलिहाने पेला उचलला आणि म्हणाली, गार होतं गं तिथे. बाकी पेर्विनला विचारा, तिला जास्त माहिती. पेर्विनने पियानोपासून सुरुवात केली. मला त्या केकची इतकी चीड आली म्हणून सांगू. एवढी अंडी वाया.

तीन दिवसांनी जिन्यात मी मेलिहाला गाठलंच. तिने इकडे तिकडे बघितलं. चहाला बोलायचं नाही असं ठरलंय, ती म्हणाली, जिन्यात नाही. आणि मला सगळं सांगितलं. मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. लिहिणार नाही असं मी म्हटलेलं नव्हतं.

जूनमध्ये साखरपुडा झाला. चार दिवस मेलिहाच्या ओट्यावर पानं, भात, मनुका. हॉलमध्ये टेबलाच्या मधोमध तीन मोठी ताटं लागली आणि अँतेपची मंडळी तिथून हलेनात. जेयदाची आई एक तोंडात घालून थांबली, दुसरी घेतली, आणि विचारलं की ही कुणी केली. ताटामागे नवे केस करून पेर्विन उभी होती. वाढता वाढता ती हसून म्हणाली, "आमच्या घरची आहे."

मेलिहा माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. तिने दात आवळले.

"ऐकलंस? आमच्या घरची म्हणे."

मग ती तिकडे गेली, पेर्विनच्या हातातला चमचा काढून घेतला आणि स्वतः वाढायला लागली.